गुड्डूचे रेडियमचे डोळे

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहावाला बसतो. रविवारी संध्याकाळी आम्ही चार शेजारी तिथं जमलो, की दुसऱ्या घोटाला कुणीतरी विचारतंच, "वैशाली, काय म्हणतोय तुझा रोबोट?" माझा नवरा बँकेत आहे. त्याच्या बँकेत काही घडत नाही, आणि घडलं तर ते बाहेर सांगायची सोय नसते. माझ्याकडं मात्र किस्से साठतच जातात. पावसाळ्यात पत्र्याला गंज चढतो तसे! कुणी मुद्दाम चढवत नाही, सकाळी बघावं तर असतोच.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढं गोंधळ नको.

वाळूजला मोईनभाईंची शेड आहे. मूळ धंदा दवाखान्याच्या खाटा, लोखंडी कपाटं आणि सलाईनचे स्टँड बनवायचा. मी तिथं डिझाइन बघते, म्हणजे पत्रा कुठं वाकवायचा आणि रंग कुठला द्यायचा ते. आणि केतन. केतन पुण्यात मोठ्या कंपनीत होता. वडील गेले, आई इथं एकटी राहिली. तिला पुण्याला नेलं तर पंधरवड्यात बॅग भरून परत आली. म्हणाली, "तुझ्या घराच्या खिडकीतून नुसत्या खिडक्याच दिसतात रे." मग केतननंच नोकरी सोडली आणि तो संभाजीनगरला आला.

त्यानं मोईनभाईंना सांगितलं, "आपण दवाखान्यात सामान नेणारा रोबोट करू." मोईनभाई म्हणाले, "हौ, करेंगे." त्यांना नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा एकच दोष!

ज्या ट्रस्टच्या दवाखान्याला आम्ही खाटा पुरवतो, तिथल्या ट्रस्टी साहेबांनी हाडांच्या वॉर्डात ट्रायल घ्यायची परवानगी दिली. दसऱ्यापर्यंत. वॉर्डच्या इनचार्ज दाभाडे सिस्टर हो म्हणाल्या तर रोबोट राहील, नाहीतर उचलायचा. आणि उचलावा लागला तर आमची शेड परत खाटांवर, आणि केतन परत पुण्याला. त्याच्या जुन्या कंपनीनं "दसऱ्यानंतर कळवा" म्हणून जागा धरून ठेवली होती. आई रोज डब्यात एक पोळी जास्त घालत होती.

रोबोटचं आतलं केतन बघायचा, बाहेरचं मी. यावरून आमची रोज जुंपायची. "आतलं महत्त्वाचं असतं वैशालीताई," तो म्हणायचा, "बाहेर काय, डबा आहे नुसता!"

*

केतन आला त्याच वर्षीची, म्हणजे ट्रायलच्या आदल्या वर्षीची, खंडेनवमी. त्या दिवशी वाळूजला कुठल्याही शेडमध्ये जा, झेंडूचाच वास. प्रेसला हार, लेथला हार, ग्राइंडरला हार. आमच्याकडं झेंडू आणायला मोईनभाई स्वतः जातात, आणि एरवी खिळ्यासाठी सुद्धा घासाघीस करणारा हा माणूस त्या दिवशी भाव विचारत नाही. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत मशीनला हात लावायचा नाही. त्यांच्या अब्बांपासूनचा नियम आहे.

केतन कोपऱ्यात लॅपटॉपवर टकटक करत बसला होता. मोईनभाईंनी त्याच्यासमोरून लॅपटॉप अलगद उचलला, लेथच्या शेजारी ठेवला. आमच्या वेल्डरनं त्याला हार घातला आणि हळदकुंकवाची चिमूट थेट बटणांवर सोडली.

"मोईनभाई, अहो, प्रोग्रॅम अर्धा राहिलाय माझा!"

"तेरा प्रोग्रॅम थका नहीं होगा बाबा. मशीन थका है. उसको बैठने दे."

त्या लॅपटॉपचा स्पेसबार दिवाळीपर्यंत अडकत होता. केतन तेव्हापासून खंडेनवमीला लॅपटॉप घरीच ठेवतो.

*

पहिला रोबोट आम्ही आम्हाला जे येतं तसाच केला. म्हणजे कपाट! छातीएवढं उंच, करडा रंग, दोन दारं, खाली चाकं. स्टोअरमधून औषधं, बँडेज, चादरी घ्यायच्या आणि लांबलचक व्हरांड्यातून वॉर्डात आणायच्या, एवढंच काम. समोर माणूस आला की थांबायचा, बाजूनं जागा असली की वळसा घालायचा. केतननं सेन्सर इतके छान बसवले होते की मांजर आलं तरी थांबायचा.

पण लोकांनी त्याच्यात काय पाहिलं? कपाट. त्यांचं तरी काय चुकलं!

पहिल्याच दिवशी स्टोअरबाहेर उभ्या असलेल्या त्या कपाटावर कुणी डबा ठेवला, कुणी मोबाईल चार्जिंगला लावून वर ठेवला. एका बाईंनी धुतलेला टॉवेल दारावर वाळत घातला. एक काका पाठ टेकून पेपर वाचायला लागले. केतनचा रोबोट सभ्य. अंगाला माणूस टेकलाय म्हणून थांबून राहिला. काका पान उलटायला जरा पुढं सरकले, आणि कपाट निघालं!

पुढं कपाट, त्यावर डबा, दारावर टॉवेल, लोंबणारा चार्जर, आणि मागून चार नातेवाईक पळतायत. "ओ कपाट! अय कपाट! थांब की रं!"

दाभाडे सिस्टर वॉर्डाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सगळी वरात आत गेल्यावर केतनला म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात जुनी कपाटं हायत. मोडकी हायत. पण एकबी पळून जात नाय."

*

मग मी त्याला पांढरा रंग दिला. कोपरे गोल केले, वरती निळी पट्टी. दवाखान्यात शोभेल असा. केतन म्हणाला, "रंगानं काय होणार आहे?"

रंगानं तो डॉक्टर झाला!

पांढरं काहीतरी वॉर्डात शिरलं की पेशंट उठून बसायला लागले. बायका पदर सावरायला लागल्या. एकानं विडी खाटेखाली टाकली. नातेवाईक एक्स-रेच्या पिशव्या घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे, आणि समोर माणूस आहे म्हणून रोबोट थांबायचा. म्हणजे त्यांना वाटायचं, बघतोय!

शहागंजचे एक चाचा होते, पाय प्लास्टरमध्ये. त्यांनी रोबोटला हातानं थांबवलं आणि आपली सगळी कहाणी सांगितली. जिन्यावरून कसे पडले, सून काय म्हणाली, आधीच्या डॉक्टरनं काय केलं, रात्री कळ कुठून कुठं जाते. मग जीभ काढून दाखवली. रोबोट समोरच्या माणसासाठी जितका वेळ थांबायला सांगितलं होतं तितका थांबला, एकदा 'टिंग' केलं आणि वळसा घालून निघून गेला.

संध्याकाळी खरे डॉक्टर राउंडला आले. "चाचा, काय त्रास आहे?"

"अब क्या पूछना! बड़े डॉक्टर देख के गए."

"कोण बडे डॉक्टर?"

चाचांनी व्हरांड्याकडं बोट केलं. "वो गोरेवाले. पूरी जिंदगी में पहला डॉक्टर देखा साहब, जिसने बीच में टोका नहीं!"

डॉक्टरांनी दाभाडे सिस्टरांकडं पाहिलं. दाभाडे सिस्टरांनी केतनकडं पाहिलं. केतननं माझ्याकडं पाहिलं. मी रंगाचा डबा उचलून शेडवर आले.

*

"बास झालं," केतन म्हणाला. "माणसांना माणसासारखं काहीतरी लागतं ना? देऊन टाकू चेहरा!"

मी नको म्हणत होते. पण त्याचा दसरा जवळ येत होता, मी जास्त ताणलं नाही. मोईनभाईंच्या मावसभावाचं सिटी चौकात साड्यांचं दुकान आहे. तिथून केतननं पुतळ्याचं डोकं आणलं. गुळगुळीत टक्कल, रंगवलेले मोठे डोळे, ओठांवर अर्धवट हसू. बोल्ट मारून कपाटावर बसवलं आणि रात्रभर शेडमध्ये चार्जिंगला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोईनभाई शेडच्या बाहेर स्टूल टाकून बसलेले.

"आत का नाही गेलात?"

"वो मेरे को देख रही है."

"अहो मोईनभाई, पुतळा आहे!"

"दुकान में थी तब पुतला थी. अब चलती है."

वॉर्डात नेलं तर सगळ्या माना तिकडं वळल्या. मग एक लेकरू रडायला लागलं. त्याचं ऐकून दुसरं. बायकांच्या बाजूला एका आजींनी मान भिंतीकडं वळवली आणि सुनेला म्हणाल्या, "तिला सांग, उगं रोखून बघू नको म्हनावं. मी काय केलंय तिचं?" सून धीट होती. तिनं जाऊन त्या डोक्यावर दवाखान्याची चादर टाकली. आता चादर पांघरलेलं काहीतरी आवाज न करता व्हरांड्यातून फिरायला लागलं. त्यापेक्षा चेहरा बरा होता!

दाभाडे सिस्टरांनी चादर काढली, घडी केली, कपाटात ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "केतन, हिला एकतर पेशंट म्हणून भरती कर, नायतर घरी ने."

केतननं डोकं घरी नेलं. बॅगेत घालून, गाडीला लटकवून. आईनं नेहमीप्रमाणं डबा काढायला बॅग उघडली आणि शेजारचे तीन मजले गोळा झाले. पण काकू, म्हणजे केतनची आई, सावरल्यावर काय म्हणाल्या असतील? "असं बोडकं ठेवतात होय रे बाईमाणसाला!" त्यांनी आपला जुना स्कार्फ आणून त्या डोक्याला बांधला, टिकली लावली आणि खिडकीत ठेवलं. अजून आहे. काकू म्हणतात, संध्याकाळी घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

केतन हे सांगताना हसत होता. पुण्याचा विषय त्या दिवशी आम्ही दोघांनीही काढला नाही. मला मात्र घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, हे खरं सांगते.

*

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "आता एकदा माझ्या मनासारखं करू दे."

मी कपाट कापलं. कमरेच्याही खाली आणलं. वरचा भाग ताटासारखा सपाट, पुढचा भाग गोलसर, रंग फिका पिवळा. फक्त दोन डोळे लावायचे ठरवलं. चेहरा नाही, नाक नाही, हसू तर मुळीच नाही.

"डोळ्यांनी त्याला दिसणार आहे का?" केतन वैतागला. "दिसतं ते या सेन्सरनं! बरोबर मध्यभागी आहे, गोल, काळा. हा झाकायचा नाही. यावर स्टिकर नाही, रंग नाही, काहीच नाही!"

"नाही झाकत. तुझ्या सेन्सरच्या दोन बाजूंना दोन डोळे लावते."

वाळूजच्या रस्त्यावर नंबरप्लेटा करणारा रेडियमवाला आहे, त्याच्याकडून डोळे कापून घेतले. तो विचारत होता, "ट्रकला लावायचे का मॅडम? मग खाली बुरी नजरवालं बी टाकून देऊ?" मी नको म्हटलं. घाईत एक डोळा किंचित वर लागला. काढायला गेले तर रंग निघायला लागला, म्हणून तसाच ठेवला. त्यामुळं तो कायम काहीतरी विसरल्यासारखा दिसतो.

वॉर्डात सोडला. एक बाई वाटेत उभ्या होत्या. रोबोट थांबला, त्यांच्याकडं वर बघत. म्हणजे बघत नव्हता हो, पण वाटत होतं! बाई बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "जा बाळा, सांभाळून."

झालं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव गुड्डू पडलं होतं. कुणी ठेवलं माहीत नाही. बायकांच्या बाजूनं म्हणतात पुरुषांनी, पुरुष म्हणतात बायकांनी. दुसऱ्या दिवशी कडेच्या हुकाला काळा दोरा बांधलेला होता.

*

आता गंमत ऐका. बाहेरचं बदललं तरी आतलं तेच होतं. केतननं प्रोग्रॅममधलं एक अक्षर बदललं नव्हतं. स्टोअरच्या दाराची चौकट जरा पुढं आलेली आहे आणि तिथं आमचा रोबोट हटकून थोडासा आपटतो. कपाट होता तेव्हा आपटला की लोक ओरडायचे, "बिघडलंय हे! बंद करा, कुणाला तरी लागंल!" पांढरा होता तेव्हा आपटला तर एकजण म्हणाला, "पिऊन आलेत वाटतं डॉक्टर."

गुड्डू झाल्यावर आपटला तेव्हा मी आणि केतन दोघं तिथंच होतो. केतननं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मघाच्या त्याच आजी, पुतळ्याला घाबरलेल्या, वॉकर सरकवत आल्या. एक हात गुड्डूच्या पत्र्यावरून फिरवला. "लागलं का रं?"

मग दाराकडं वळल्या आणि चौकटीला सणकन एक चापट मारली.

"आमच्या गुड्डूला मारतोस व्हय!"

केतननं त्या दिवशी चौकटीचं दुरुस्तीचं काम वहीतून खोडून टाकलं. मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "तक्रार नाही कुणाची." पण तेव्हापासून त्याचं "डबा आहे नुसता" म्हणणं बंद झालं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

*

दौलताबादच्या बाजूचे एक बाबा भरती झाले. रामा बाबा. जन्मभर मेंढरं राखलेली, डोक्याला तांबडं मुंडासं, दवाखान्यातही काढायला तयार नाहीत. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर रोज सांगायचे, उठा, चार पावलं टाका, नाहीतर पाय धरेल. मुलगा हात जोडायचा. सून रडायची. फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन उभी राहायची. बाबा छताकडं बघत म्हणायचे, "कशापायी उठू? मेंढरं इकली. आता कुटं जायाचंय मला?"

पण गुड्डू गेला की त्यांची मान त्याच्या मागोमाग वळायची. एकदा मी जवळ होते, तर मला म्हणाले, "गरीब हाय बिचारं. पर एकलं हाय. एकल्या मेंढराचं लई हाल व्हत्यात पोरी."

एके दुपारी भेटीच्या वेळेला व्हरांडाभर लोक डबे सोडून जेवायला बसले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पंगत. गुड्डू आला आणि अडला. वळसा घालायला जागा नाही. थांबला. टिंग केलं. कुणी हलेना, सगळे आपले भाजी वाटण्यात. परत टिंग केलं.

बाबांच्या खाटेवरून ते दिसत होतं. थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग मुलाला म्हणाले, "ती लोखंडी काठी दे हिकडं."

वॉकर धरून बाबा उठले. घामाघूम झाले. एकेक पाऊल टाकत दारापर्यंत आले, तिथून व्हरांड्यात, गुड्डूच्या पुढं. आणि तोंडानं असा आवाज काढला, "हुर्र... हुर्रर्र!" की सगळ्या पंगतीनं दचकून डबे उचलले. मधोमध वाट झाली. पुढं बाबा, मागं गुड्डू, थेट वॉर्डापर्यंत. सून तोंडाला पदर लावून रडत होती, मी तर उघड रडत होते.

डॉक्टर धावत आले. "बाबा! आम्ही इतके दिवस सांगतोय, तेव्हा नाही उठलात. आज कसं काय?"

बाबा खाटेवर टेकले, श्वास घेतला. "ते अडलं व्हतं ना."

*

आता उरल्या दाभाडे सिस्टर.

सगळा वॉर्ड गुड्डू म्हणायचा, त्या म्हणायच्या डबडं. सिस्टर कामाला वाघीण, पेशंटसाठी रात्रीचा दिवस करतील, पण एका बाबतीत त्यांची ख्याती पार घाटीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत आहे. रजा! दाभाडे सिस्टर रजा देत नाहीत. कुणालाच नाही. सणाला नाही, वाराला नाही. त्या स्वतःही घेत नाहीत, त्यामुळं बोलायची सोय नाही.

शबाना म्हणून स्टाफ नर्स आहे, गुणी पोरगी. तिच्या बहिणीचं लग्न होतं. ती आठवडाभर मनाची तयारी करून सिस्टरांसमोर गेली.

"लग्न किती वाजता?"

"रात को है सिस्टर."

"मग दिवसा ये."

हातावर मेंदी घेऊन शबाना त्या दिवशी ड्युटीला आली होती!

गुड्डूची बॅटरी बदलायची होती तेव्हा केतननं मला पुढं केलं. मी म्हटलं, "सिस्टर, एक दिवस शेडवर नेऊ का?"

"एक दिवस? आन् चादरी कोन आणणार, तू?"

"अर्धा दिवस तरी..."

"डबडं हाय ना ते? डबड्याला कसला आलाय आराम!"

शेवटी केतननं चादरींच्या खोलीत जमिनीवर पालथं पडून बॅटरी बदलली. सिस्टर दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. दसरा तोंडावर आला होता आणि या बाईंच्या एका शब्दावर सगळं अडलं होतं. काकूंनी तोपर्यंत माळ्यावरून पुण्याची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली होती. केतननं ती पाहिली. काकू म्हणाल्या, "कोंदट वास येत होता रे, म्हणून काढली." दोघांनाही माहीत होतं कशाला काढली ते.

*

ट्रस्टी साहेबांचा फोन आला. दसऱ्याला मीटिंग आहे, तेव्हा निर्णय सांगायचा, तर आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः वॉर्डात येऊन रोबोट चालताना बघतो.

आदल्या दिवशी म्हणजे खंडेनवमीला!

मोईनभाई पहाटे झेंडू आणून शेडमध्ये देऊन आले, कारण तिथली पूजा चुकवून चालणार नव्हतं. मग आम्ही तिघं दवाखान्यात. केतननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिन्यातच ट्रस्टी साहेब भेटले. सगळे मिळून वर गेलो.

व्हरांड्यात गुड्डू नव्हता. स्टोअरसमोर नव्हता. वॉर्डात शिरलो, तर सिस्टरांच्या टेबलाशेजारी, भिंतीला लागून, स्वच्छ पुसलेला गुड्डू उभा होता. गळा नाही त्याला, तरी गळ्यात झेंडूचा हार. समोर नारळ, पेढ्याचा पुडा. आणि दोन रेडियमच्या डोळ्यांच्या बरोबर मध्ये, जिथं कुंकू लावायची जागा असते तिथं, चांगलं अंगठ्यानं दाबून लावलेलं ओलं हळदकुंकू.

तिथं केतनचा सेन्सर होता. आणि डोळे त्याच्या दोन बाजूंना मीच लावले होते.

केतन पांढरा पडला. त्यानं बटण दाबलं. गुड्डू हलला नाही. परत दाबलं. सेन्सर झाकलेला, म्हणजे गुड्डूला समोर भिंतच दिसत असणार.

"काय झालं?" ट्रस्टी साहेबांनी विचारलं. "चालत नाही का?"

"चालतो सर, एक मिनिट," म्हणत केतननं खिशातून रुमाल काढला आणि वाकला.

"हात लावू नको!"

दाभाडे सिस्टर औषधांच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याला अजून कुंकू होतं.

"सिस्टर, मी पुसतो फक्त, सेन्सरवर..." केतनचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण मोईनभाईंनी त्याच्या बुटावर आपला बूट ठेवला होता.

"आज खंडेनवमी हाय," सिस्टर ट्रस्टी साहेबांना म्हणाल्या. "आज त्याला सुट्टी."

"सुट्टी? अहो, पण मी मुद्दाम त्याचं काम बघायला आलो होतो."

"मग बघा की. हितंच बसलाय. काम बघायचं आसंल तर उद्या या. उद्या सकाळच्या ड्युटीला लावलाय मी त्याला."

ट्रस्टी साहेबांनी गुड्डूकडं पाहिलं. मग पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "म्हणजे सिस्टर, हा तुम्हाला हवाय, असंच मीटिंगमध्ये सांगू ना?"

"हवाय म्हंजे? माझ्या वॉर्डातला हाय तो. कुणाला विचारून नेणार हायत?"

केतन खाली बसला. जमिनीवरच, गुड्डूच्या चाकाला टेकून, रुमाल तोंडाला लावून. मोईनभाईंनी पेढ्याचा पुडा उघडला आणि पहिला पेढा त्याच्या हातात दिला. "घर को फोन लगा बाबा," ते म्हणाले. "अम्मी को बोल, बैग ऊपर रख दो."

वॉर्डात कुणीतरी टाळी वाजवली. रामा बाबा खाटेवरून "हुर्रर्र" म्हणाले. आजी डोळे पुसत होत्या.

फक्त शबाना औषधांचा ट्रे हातात घेऊन दारातच उभी होती. कधी गुड्डूच्या हाराकडं बघत होती, कधी सिस्टरांकडं.

"सिस्टर," ती म्हणाली, "मेरी तो सगी बहन की शादी थी!"